चार वाजताची फणी

१

लेकीच्या डोक्यातल्या उवा काढायला दुपारचे चार ही सगळ्यात चांगली वेळ. ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरकं आत येतं आणि पांढऱ्या फडक्यावर पडतं. त्या उजेडात ऊ लपत नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे, आणि हा अनुभव मी मागून घेतला होता असं मुळीच नाही.

माझी पद्धत पक्की होती. बाहेरच्या खोलीत मधोमध लाकडी स्टूल, त्यावर मी. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, जमिनीवर उशी टाकून, भिंगरी. वय वर्षं सात. हे तिचं खरं नाव नव्हे, पण एका जागी बसणं ठाऊकच नसल्यामुळे तेच चिकटलं. केस ओले करायचे, कंडिशनर चोपडायचं, चिमटे लावून आठ भाग करायचे. एकेक भाग सोडायचा, बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, फडक्यावर पुसायची, निरखायचं, साबणाच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा ओढायची. नखावर ऊ मारणं मला जमत नाही. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते मी, दिवसभर लोकांचं रक्त हाताळते. पण नखावर नको. म्हणून साबणाचं पाणी.

"आई, किती झाल्या?"

"नऊ."

"काल चौदा होत्या. आज हरल्या त्या."

"मान खाली."

"खालीच आहे. अजून खाली घातली तर जमिनीत जाईल."

शाळेतून चिठ्ठी आली होती: डोकं पूर्ण साफ झाल्याशिवाय वर्गात बसवता येणार नाही. चिठ्ठी नेमकी सासूबाईंच्या हाती पडली. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

"तिसऱ्या रविवारपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "नाहीतर पोरीला माझ्याकडे नेते. तुझ्याच्याने होत नसेल तर तसं सांग, त्यात लाजायचं काय?"

मी महिनाभराची रजा टाकली. भिंगरी वर्षाची असताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. पाळण्याची दोरी तुटताना मला दिसायची, दिवसातून दहा वेळा, अगदी स्वच्छ. तेव्हा सासूबाई तिला 'दोन दिवस' म्हणून घेऊन गेल्या, आणि ते दोन दिवस चार महिने चालले. परत आणली तेव्हा मला बघून तिने भोकाड पसरलं आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. तेव्हापासून मी या घरात विचित्र काही बोलत नाही. दारातलं मांजर उद्या माणसासारखं बोललं, तरी मी आधी बघेन की आणखी कुणाला ऐकू आलं का.

२

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत नवऱ्याच्या डोक्यात दोन सापडल्या. भिंगरीला मांडीवर घेऊन बसणाऱ्या सासूबाईंच्या डोक्यात चार. त्या चार उवांचं खापर कुणाच्या माथी फुटलं ते सांगायला नको.

माझ्या डोक्यात एकही नाही.

औषधाच्या दुकानातला माणूस पिशवी हातात देताना म्हणाला, "ताई, स्वतःचं बघितलंत ना? जी काढते तिच्या डोक्यात आधी जातात. ठरलेलं आहे."

"बघितलं. नाहीत."

"नाहीत?" त्याने मान वाकडी केली. "नशीबवान आहात."

नशीबवान हा शब्द मला कुणी लावला की मला धाकधूक होते. भिंगरी माझ्या कुशीत झोपते. तिचे केस माझ्या नाकातोंडात असतात. तीन आठवडे मी रोज तासभर तिच्या डोक्यावर वाकलेली. मला एक तरी व्हायला हवी होती. नसण्याला काही कारण लागतं. प्रयोगशाळेत रक्ताची एखादी काच अगदीच स्वच्छ दिसली तर आम्ही खूश होत नाही, रंग घालायचा राहिला का ते बघतो.

नवऱ्याला तपासायला बसवलं. त्याने फणी अशी धरली, जणू तीच चावेल.

"काही नाही गं. तुझं डोकं अगदी रिकामं आहे."

हा विनोद त्याने त्या आठवड्यात तीनदा केला.

"नीट बघ ना रे. कानामागे बघ."

"बघितलं. आणि केस कसले मोकळे आहेत तुझे! एक गुंता नाही. आत्ताच कुणी बसून विंचरलेत असे."

"मीच विंचरले असतील."

"असतील म्हणजे?"

"विंचरले," मी म्हटलं.

मी विंचरले नव्हते. सकाळी घाईत अंबाडा घातला होता आणि त्यात पेन्सिल खोचली होती. चार वाजता भिंगरीला घेऊन बसले तेव्हा तो जागच्या जागी होता. पाच वाजता उठले तेव्हा केस पाठीवर होते आणि पेन्सिल स्टुलाच्या मागे जमिनीवर. केस सुटतात, पेन्सिल पडते. यात न कळण्यासारखं काय आहे? फक्त ती रोज पडत होती आणि पडल्याचा आवाज मला एकदाही आला नव्हता.

आणखी एक. हे सांगायला मला लाज वाटते. तो तास मला आवडायला लागला होता. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे, पण मधेच कधीतरी अंगावर गोड सुस्ती चढायची. लहानपणी कुणीतरी डोक्यातून बोटं फिरवायचं आणि पापण्या जड व्हायच्या, तशी. मला वाटलं, आईपणाचं सुख म्हणतात ते हेच असणार. उशिरा का होईना, आलं.

३

टच्.

"भिंगरे, बोटं मोडू नकोस."

"मी कुठे मोडतेय?"

टच्.

"मग हे काय?"

"तूच करतेस की! रोज करतेस."

"मी काय करते?"

"उवा मारतेस ना. नखावर. टच्, टच्."

माझा डावा हात तिच्या केसांत होता. उजव्या हातात फणी होती. मी दोन्ही हात तसेच धरून ठेवले. खिडकीची कडी शांत होती, वर पंखा बंद होता. आवाज आला नाही. मी पुन्हा फणी ओढली आणि चौथ्या ओढीला तो आला. लहान, कोरडा, माझ्या उजव्या कानाच्या थोडा मागे.

मी वळून बघितलं. मागे तीन पावलं मोकळी जमीन, मग आतल्या खोलीचं उघडं दार, आत पलंगाची कड. रोजचंच सगळं.

शहाणी बाई इथे उठली असती. पण शिकलेल्या माणसाची वेगळीच खोड असते, त्याला आधी पुरावा हवा असतो. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी सकाळीच भिंगरीच्या डोक्यातून पाच मोठ्या उवा काढल्या, बाटलीत ठेवल्या आणि जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचा एकेक ठिपका टाचणीच्या टोकाने त्यांच्या पाठीवर ठेवला. साडेतीनला न्हाणीघराची कडी लावून त्या माझ्याच डोक्यात सोडल्या. त्या वेळी आरशात बघायचं मी टाळलं. सासूबाईंनी तेव्हा दार ढकललं असतं तर भिंगरीसोबत मलाही कुठेतरी नेऊन ठेवलं असतं, आणि मी काही बोलले नसते.

कानामागे वळवळ कळत होती. चार वाजता मी स्टुलावर बसले तेव्हाही कळत होती.

त्या दिवशी मी जागी राहायचं ठरवलं होतं. तरी सुस्ती आलीच. पाच आवाज झाले, मी मोजले. शेवटच्या आवाजानंतर डोकं हलकं झालं.

पुन्हा कडी लावून मी स्वतःचे केस आठ भाग करून विंचरले. काही नाही. मग बाहेर येऊन स्टुलामागे गुडघ्यांवर बसले. फरशीवर पाच ठिपके होते. चपटे, फुटलेले, प्रत्येकाभोवती जांभळा डाग. आपण होऊन गळून पडल्या असतील, माझ्याच टाचेखाली आल्या असतील, असं मी मनाला म्हटलं. मनाने ऐकूनही घेतलं. पण पाचही जणी एका ओळीत होत्या, सारख्या अंतरावर, कामात नीटनेटकं माणूस मांडून ठेवतं तशा.

भिंगरी माझ्या खांद्यावरून वाकली. "आई, तू जांभळ्या पण काढल्यास?"

४

शुक्रवारी मी स्टूल भिंतीला लावलं. पाठ आणि डोकं भिंतीला चिकटवून बसले. भिंगरीला खिडकीकडे वळवलं.

"आज इथे का?"

"उजेड बरा आहे."

"काही बरा नाही. तुझ्या हाताची सावली पडतेय." "आणि आई, आज तू टच् टच् करत नाहीयेस."

"नाही. आज फक्त फणी."

"तसं छान वाटतं पण."

अंबाडा सुटला नाही. सुस्ती आली नाही. तासभर भिंतीचा गारवा पाठीत शिरत राहिला आणि मला मनातल्या मनात हसू येत होतं. सुटलो एकदाचे! भिंगरीच्या डोक्यातून मात्र अकरा निघाल्या, आणि रविवारला दोनच दिवस उरले होते. आता चिंता होती ती साध्यासुध्या उवांची आणि सासूबाईंची. इतकी साधी चिंता मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती.

चित्र काढते म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मी फडकं उकळायला ठेवलं, गॅलरीतले कपडे काढले, घड्या घालायला घेतल्या.

टच्.

हातात तिचा फ्रॉक होता. तो मी अर्धा दुमडला.

टच्. टच्. टच्. झपझप, साठलेलं काम उरकावं तसे.

मी आतल्या दारात गेले. भिंगरी जमिनीवर बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर वही, तिच्यावर रंगीत पेन्सिल आडवी पडलेली. ती चित्र काढत नव्हती. तिने मान खाली घातली होती, माझ्यासमोर घालते तशीच, किंबहुना जास्त शहाण्यासारखी. केस मोकळे होते आणि त्यांचे भाग पाडलेले होते. चिमटे नव्हते. तरी आठही भाग आपापल्या जागी वेगळे राहिले होते, आणि मी बघत असताना त्यातला एक हळूच पाठीवर सुटला.

तिच्या मागे कुणीही नव्हतं. तिच्या आणि माझ्या मध्ये चार फूट रिकामी फरशी होती.

मान न उचलता, न वळता, झोपाळलेल्या आवाजात तिने विचारलं, "आई, झालं का?"

तिला घाबरवायचं नव्हतं. एवढं एकच कळत होतं.

"हो," मी दारातून म्हटलं. "झालं बाळा. ऊठ."

ती दचकली. माझा आवाज तिला अपेक्षित होता तिथून आला नाही म्हणून.

५

त्यानंतर फणीला काही लागलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. लीखसुद्धा नाही.

रविवारी सासूबाई चष्मा पुसत आल्या. भिंगरीला खिडकीत उभं करून त्यांनी अर्धा तास तिचं डोकं चाळलं. मग माझ्याकडे बघून, कुणी दात उपटावा तशा नाइलाजाने, म्हणाल्या, "साफ आहे."

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" नवरा म्हणाला. त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

"केलंस हो नीट. मी उगाच काहीतरी बोलले. राहू दे पोर तुझ्याकडेच."

याच शब्दांसाठी मी तीन आठवडे कंबर मोडून घेतली होती. मी हसले. हसताना माझी नजर भिंगरीवर होती, आणि ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

सोमवारी ती शाळेत गेली. सव्वाचारला परत आली, दप्तर टाकलं, आत गेली. मी मागोमाग गेले तर जमिनीवर बसलेली. मान खाली.

"काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

एका जागी कधीही न बसणारी माझी मुलगी. मी तिला उचलून बाहेर आणलं, पत्ते काढले, गोष्ट सांगितली. दुधाला उकळी आली म्हणून दोन मिनिटं ओट्याशी गेले, परत आले तर ती पुन्हा आत. मंगळवारीही तसंच. आता टच् आवाज येत नव्हता. मारायला काही नव्हतंच. फक्त घासल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, बारीक, न थांबणारं.

मंगळवारी तिला न्हाऊ घालताना ती ओरडली. "आई, चुरचुरतंय!"

मी केस बाजूला केले. टाळूवर लाल खुणा होत्या. लहान लहान, चंद्रकोरीसारख्या, नख रुतलं की उमटतात तशा. मुळांच्या रांगेने, कानापासून कानापर्यंत. एकही जागा सोडलेली नव्हती. काही रक्ताळल्या होत्या. मी तिची नखं बघितली. ती मी रविवारीच कापली होती, अगदी आतपर्यंत.

"तू खाजवलंस का?"

"नाही. तूच शोधत होतीस ना?" तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आई, आता नाहीयेत. सांग ना, की आता नाहीयेत."

मी खाली बसून विचार केला. मी विचार करणारी बाई आहे, तेवढंच मला येतं. कुणाला सांगावं? नवऱ्याला सांगितलं तर तो त्याच्या आईला सांगणार आणि दोघं मिळून मला डॉक्टरकडे नेणार. तोवर भिंगरी कुणाजवळ? आजीकडे पाठवावं, तर तिथेही जमीन आहे, तिथेही तिच्या पाठीमागे जागा आहे. मी भिंतीला टेकून माझ्यामागची जागा बंद केली आणि माझ्या पोरीच्या मागची उघडून दिली. हे माझं मीच केलं होतं. निस्तरायचंही मलाच होतं. जिथे सापडतं तिथेच शोधणारं शोधत राहतं. भिंगरीच्या डोक्यात आता काही नव्हतं. माझ्या डोक्यातही नव्हतं.

सासूबाईंच्या होत्या.

६

बुधवारी नवऱ्याने रजा घेतली. माझं डोकं दुखतंय, मुलीला शाळेतून परस्पर बागेत ने, जवळच राहा, खेळव, असं सांगून मी सासूबाईंकडे गेले.

"आई, तुमचं डोकं बघू का?"

त्या एकदम सावध झाल्या. "माझं कशाला? मी औषध लावलंय."

"तरी बघते. बसा ना इथे."

"मी खाली बसले तर उठवायला चार माणसं लागतील."

शेवटी त्या खुर्चीवर बसल्या आणि मी मागे उभी राहिले. पांढरे, विरळ केस. गुलाबी टाळू, लहान मुलासारखी. सुरुवातीला त्यांचे खांदे ताठ होते. हळूहळू उतरले.

"तुझा हात हलका आहे गं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "माझं डोकं कुणी बघितलं, याला चाळीस वर्षं झाली असतील. आपण सगळ्यांची बघतो. आपलं कोण बघतंय?"

नऊ निघाल्या. दोन साबणाच्या पाण्यात टाकल्या, त्यांना दिसाव्यात म्हणून. सात पदरात लपवलेल्या बाटलीत.

"रडतेस की काय?"

"नाही. कंडिशनर गेलं डोळ्यात."

त्यांनी मागे हात करून माझं मनगट थोपटलं. चार महिन्यांचं ते सगळं त्या थोपटण्यात मिटलंही असतं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

७

चारला दहा मिनिटं कमी असताना मी घरी येऊन दाराला आतून कडी लावली. स्टूल ओढून खोलीच्या मधोमध आणलं, पाठ आतल्या खोलीच्या दाराकडे केली. केस सोडले. सातही जणी कानामागे सोडल्या. हात मांडीवर ठेवले. समोरची उशी रिकामी होती.

बराच वेळ काही झालं नाही. ऊन फडक्याच्या जागी आलं, पण फडकं नव्हतं. कानामागे एकीने वाट काढायला सुरुवात केली. वेळ चुकली असेल, असं वाटलं. आणि मग, मला खरंच वेड लागलं असेल, अशी आशा वाटली. या आशेवर तासभरही जगता आलं असतं.

मग माझ्या पाठीवरचे केस उचलले गेले.

बोटं गार होती. किती होती, ते मी मोजलं नाही. त्यांनी आठ भाग केले, माझ्यासारखेच, माझ्याहून सफाईने. मी मान खाली घातली. तेव्हा डोळ्यांच्या दोन्ही कडांना काहीतरी दिसलं. मी भिंगरीला घेऊन बसते तेव्हा तिला दिसत असेल तसं: माझ्या दोन बाजूंना दोन गुडघे. विटलेल्या, खूप धुतलेल्या कापडात. मी स्टुलावर होते, आणि ते गुडघे माझ्या खांद्यांच्या वर होते. आमच्या घरात तेवढ्या उंचीवर बसण्यासारखं काहीही नाही.

टच्.

सुस्ती चढू लागली. मी गालाचा आतला भाग दातांत धरला.

टच्. टच्.

जिन्यात पावलं वाजली. पळत येणारी, दोन-दोन पायऱ्या घेणारी. मागून नवऱ्याचा आवाज, "अगं थांब, पडशील!" मग दारावर दोन्ही हातांची थाप.

"आई! मला बागेत नाही थांबायचं. दार उघड. आई, मी आले!"

माझ्या डोक्यातली बोटं थांबली.

पहिल्यांदा डावा गुडघा हलला. मग मानेवरचा गारवा थोडा कमी झाला. मागे कुणीतरी हळूहळू दाराकडे तोंड फिरवत होतं.

"आई! उघड ना!"

मी डोळे मिटले. आवाज शक्य तितका साधा ठेवला, आपसात बायका बोलतात तसा.

"तिकडे नको," मी म्हटलं. "अजून खूप आहेत. इथे बघ, कानामागे."